सरकत्या जिन्याचे भय आणि संमोहनोपचार

आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात ताळेबंद, शस्त्रक्रियांची संख्या आणि नव्या उपकरणांची यादी यांना त्यांचे मानाचे स्थान असतेच. त्यासोबत एखाद्या दुर्लक्षित व्याधीची सोप्या शब्दांत ओळख करून द्यावी, म्हणजे विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तेष्ट यांना रुग्णालयातील न दिसणारे कामही समजेल, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत. विषयाचे शीर्षक वाचून काही वाचकांच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल, याची आम्हांस कल्पना आहे. सरकत्या जिन्याची भीती हाही काय आजार झाला, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि त्यावरील उपचारांत संमोहनाचे नेमके स्थान कोणते, हे सांगावे, एवढाच या लेखनाचा उद्देश आहे.

प्रश्न जिन्याचा नाही, वाटेचा आहे

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील माणसे पायऱ्यांना भिणारी नव्हेत. अजिंक्यतारा आणि सज्जनगड चढण्यात ज्यांचे बालपण गेले, कृष्णेच्या घाटाच्या ओल्या पायऱ्या ज्यांनी डोक्यावर कळशी घेऊन चढल्या, अशा पिढ्या आपल्या अवतीभोवती आहेत. परंतु गडाची पायरी असो वा घाटाची, ती आपल्या जागी स्थिर असते आणि पाऊल केव्हा टाकायचे हे माणसाने ठरवायचे असते. सरकत्या जिन्यावर हा क्रम उलटा होतो. तेथे पायरी आपल्या गतीने पुढे येत राहते व पाऊल केव्हा टाकायचे हे तीच ठरवते.

काही वर्षांपूर्वीपर्यंत या जिन्याशी आपल्या भागातील ज्येष्ठांचा फारसा संबंध येत नसे. आता तो येऊ लागला आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी, दुसऱ्या वैद्यकीय मतासाठी किंवा नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे जाण्यासाठी आपल्याकडची माणसे एसटीने स्वारगेटला उतरतात. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटचे भुयारी स्थानकही प्रवाशांसाठी खुले झाले. त्याच मार्गावरील जिल्हा न्यायालय स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. रेल्वे स्थानके, विमानतळ, व्यापारी संकुले आणि मोठी रुग्णालये येथेही सरकते जिने सर्रास दिसतात.

अशा ठिकाणी लिफ्ट व साधा जिनाही असतो, मग उपचारांची गरज काय, असे कोणी विचारील. ज्यांचे लिफ्टने भागते त्यांनी ती खुशाल वापरावी. काठी, वॉकर किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी तर तीच योग्य. परंतु ज्यांची भीती वाढत जाऊन आधी जिना टळतो, मग ते स्थानक टळते, मग तो प्रवास टळतो आणि अखेरीस तपासणीची तारीखही टळते, त्यांच्यासाठी हा थट्टेचा विषय राहत नाही. आम्ही या विषयाकडे लक्ष देतो ते याच कारणाने.

या भीतीत नेमके काय असते

सरकता जिना हे यंत्र सव्वाशे वर्षांहून जुने आहे. १८९८ मध्ये लंडनच्या हॅरॉड्स या दुकानात असा सरकता पट्टा बसविला गेला, तेव्हा वर पोहोचलेल्या ग्राहकांना धीर यावा म्हणून ब्रँडी आणि हुंगण्याचे क्षार दिले जात. तेव्हा या यंत्रापुढे बावरणे हे खेडवळपणाचे लक्षण नाही. हे यंत्र नवे होते, तेव्हा लंडनची शहरी माणसेही त्यापुढे बावरली होती.

बहुतेक जिने सेकंदाला साधारण अर्धा मीटर या गतीने आणि सुमारे ३० अंशांच्या चढाने चालतात. सुरुवातीला पायऱ्या सपाट पट्ट्यासारख्या बाहेर येतात, मग एकेक पायरी उचलली जाऊन जिना आकार घेतो. शेवटी त्या पुन्हा सपाट होऊन दातेरी पट्टीखाली नाहीशा होतात. भिणाऱ्या व्यक्तीला या प्रवासातील दोन क्षण जड जातात, पाऊल टाकण्याचा आणि उतरण्याचा. खाली जाताना समोरची खोली दिसते, त्यामुळे उतरता जिना बहुधा अधिक भयप्रद वाटतो. पायऱ्यांवरील बारीक समांतर रेषा हलताना पाहून काहींना गरगरते. मागच्या माणसांची घाई, हातातील पिशव्या, पदर किंवा चप्पल अडकेल ही शंका आणि लोक हसतील हा संकोच यांची त्यात भर पडते.

छाती धडधडणे, तळहातांना घाम येणे, पाय जड होणे, घसा कोरडा पडणे ही लक्षणे धोक्याची सूचना मिळताच शरीर करीत असलेल्या तयारीची असतात. भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार मोठी असेल, सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली असेल आणि तिच्यामुळे व्यक्तीच्या नित्य व्यवहारात अडथळा येत असेल, तर वैद्यकशास्त्र तिला विशिष्ट भयगंड म्हणते. कुत्रा, उंची, सुई, बंद जागा यांच्या भीतीही याच वर्गात मोडतात.

आधी शरीराची तपासणी

प्रत्येक भीतीला भयगंड समजणे योग्य नाही. साठीच्या पुढील व्यक्तीने सरकत्या जिन्यावर पाय टाकण्याचे नाकारले, तर तिचे शरीर योग्य इशारा देत असण्याचीही शक्यता असते. मोतीबिंदूमुळे पायरीची कड पुसट दिसते. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहताना पायरीचे अंतर फसवे भासते. दीर्घकाळच्या मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झालेली असते. कानाच्या आतल्या भागातील तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडली तर चक्कर येते. गुडघ्याची झीज, कंपवात आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणाम यांचाही विचार करावा लागतो.

म्हणून अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची दृष्टी, तोल, तळपायांची संवेदना, रक्तदाब आणि चालू औषधे प्रथम पाहिली जावीत, असा आमचा आग्रह असतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा चष्म्यातील बदल एवढ्यानेच काहींचे निम्मे काम होऊन जाते. ज्यांचे शरीर या जिन्यासाठी खरोखर समर्थ नाही, त्यांना संमोहनाने धीट करणे म्हणजे त्यांना अपघाताच्या दारात नेणे होय.

समजूत घालून भीती का जात नाही

शरीर ठीक आहे असे ठरल्यावर घरची मंडळी म्हणतात, "मग आता भ्यायचे कारण काय?" कारण नसते हे रुग्णालाही ठाऊक असते. आपल्याकडे 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' अशी म्हण आहे. ब्रह्मराक्षस नाही हे बुद्धीला पटले तरी पाय पळायचे थांबत नाहीत.

याचा एक सुंदर पुरावा सरकत्या जिन्यानेच दिला आहे. बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर पाऊल टाकताना आपला तोल क्षणभर पुढे जातो, हा अनेकांचा अनुभव असेल. लंडनमधील रेनॉल्ड्स आणि ब्रॉनस्टीन या संशोधकांनी २००३ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. हलत्या पाटावर काही वेळा चालण्याचा सराव दिल्यानंतर त्यांनी सहभागी व्यक्तींना स्पष्ट सांगितले, की आता पाट हलणार नाही. पाट स्थिर असल्याचे त्यांना डोळ्यांनी दिसतही होते. तरीही पुढचे पाऊल त्यांनी नेहमीपेक्षा वेगाने टाकले आणि त्यांचे धड पुढे झुकले. बुद्धीला कळले होते, परंतु पायांनी जे शिकून घेतले होते ते पायांनी सोडले नव्हते. या निरोगी माणसांना भीतीचा लवलेश नव्हता. ज्याच्या शरीराने भीती शिकून घेतली आहे, त्याला केवळ शब्दांनी ती विसरायला सांगणे किती अपुरे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

ही भीती टिकून राहते ती टाळण्याच्या सवयीमुळे. जिन्यापाशी जाऊन परत फिरले की छातीची धडधड लगेच थांबते. ही सुटका इतकी सुखद असते, की पुढच्या वेळी पाय आणखी लवकर मागे वळतात. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तद्वत एका जिन्यावर घाबरलेली व्यक्ती मग सर्व जिन्यांना, पुढे लिफ्टला आणि कधी गर्दीलाही भिऊ लागते. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर इमारत किंवा यंत्र यांना दरवर्षी घसारा लागून त्यांची किंमत उतरत जाते. टाळलेल्या भीतीला मात्र चक्रवाढ व्याज लागते.

या उपचारांची परंपरा

भीती हळूहळू समोर आणून कमी करता येते, हे अमेरिकेतील मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान मुलाच्या उदाहरणातून दाखवून दिले. सशाला भिणाऱ्या त्या मुलाला आवडीचा खाऊ देत असताना ससा थोडा थोडा जवळ आणण्यात आला आणि अखेर तो सशाशी खेळू लागला. पुढे दक्षिण आफ्रिकेतील मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात याच तत्त्वाला शिस्तशीर पद्धतीचे रूप दिले. आधी शरीर शिथिल करावयाचे आणि मग सर्वांत सौम्य प्रसंगापासून सर्वांत भीतिदायक प्रसंगापर्यंत एकेक पायरी चढावयाची. शरीर शिथिल करण्यासाठी वोल्पे संमोहनाचाही उपयोग करीत. स्वीडनच्या लार्स-गोरान अस्ट यांनी १९८९ मध्ये याचाच संक्षिप्त प्रकार मांडला. त्यात तज्ज्ञाच्या सोबतीने एकाच दीर्घ बैठकीत भीतीच्या वस्तूला सामोरे जाण्याचा सराव करून घेतला जातो.

संमोहनाचा इतिहास याहून जुना असून त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या देशात घडले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश शल्यविशारद जेम्स एस्डेल यांनी १८४५ पासून बंगालमधील हुगळी येथे, तेव्हा 'मेस्मेरिझम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने रुग्णांना गुंगीसारख्या अवस्थेत नेऊन मोठमोठ्या गाठींच्या शस्त्रक्रिया केल्या. भूल देण्याची औषधे तेव्हा प्रचारात नव्हती. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचा यशस्वी प्रयोग झाला आणि शस्त्रक्रियेसाठी संमोहनाची गरज ओसरली. 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ करणारे मँचेस्टरचे जेम्स ब्रेड यांचा ग्रंथ १८४३ चा. ग्रीक भाषेत 'हिप्नॉस' म्हणजे निद्रा. ही अवस्था झोपेची नसून एका कल्पनेवर चित्त एकवटण्याची आहे, हे ध्यानी आल्यावर ब्रेड यांनी ते नाव बदलण्याचाही प्रयत्न केला. परंतु नाव चिकटले ते चिकटलेच.

संमोहन म्हणजे काय आणि काय नव्हे

संमोहन म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर रंगमंचावरील जादूगार येतो. काहींना वशीकरण आठवते. उपचारांतील संमोहनाचा या दोहोंशी संबंध नाही. या अवस्थेत व्यक्ती जागी असते, तिला आजूबाजूचे आवाज ऐकू येतात, नको वाटल्यास ती डोळे उघडून उठू शकते. तिच्या मनाविरुद्ध तिच्याकडून काही करवून घेण्याचे ते साधन नाही. कीर्तनात रंगून गेलेल्या श्रोत्याला शेजारी कोण येऊन बसले याचे भान नसते, तशीच काहीशी ही एकाग्रता असते. अशा वेळी शरीर सैल होते, मनातील चित्रे ठळक होतात आणि दिलेली सूचना अधिक सहजपणे स्वीकारली जाते.

महाराष्ट्राला हा विषय अगदीच अपरिचित नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतील श्याम मानव यांनी स्वसंमोहनाची शिबिरे घेऊन त्याभोवतीचे गूढ दूर करण्याचा प्रयत्न केला आहे. साताऱ्यात तर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या कार्यामुळे मनाच्या आजारांकडे भूतबाधा म्हणून न पाहण्याचा विचार घरोघरी पोहोचला. अशा भूमीत संमोहनाकडे चमत्कार म्हणून पाहिले जाऊ नये आणि थोतांड म्हणूनही त्याची हेटाळणी होऊ नये, अशी अपेक्षा वावगी ठरू नये.

उपचार प्रत्यक्षात कसे चालतात

समजण्यास सोपे जावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांची लेक पुण्यात राहते. एकदा गर्दीत मागून धक्का लागल्याने त्या सरकत्या जिन्यावर गुडघ्यावर पडल्या होत्या. तेव्हापासून जिन्यापाशी पोहोचले की त्यांचे पाय जमिनीला खिळतात. दोन वर्षे त्या लेकीकडे गेलेल्या नाहीत. लेकीने विचारले, की "घर बंद ठेवून कसे येऊ?" असे उत्तर देतात.

पहिल्या भेटीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ त्यांचे सारे म्हणणे ऐकून घेतात, शारीरिक तपासणीचे कागद पाहतात आणि त्यांची संमती घेतात. मग दोघे मिळून भीतीची एक यादी करतात. प्रत्येक प्रसंगाला रुग्णाने शून्यापासून शंभरपर्यंत गुण द्यावयाचे असतात. जिन्याचे चित्र पाहण्याला २०, दुरून चालता जिना पाहण्याला ३५, जवळ उभे राहून त्याच्या कठड्याला हात लावण्याला ५०, लेकीच्या सोबतीने वर जाण्याला ७०, एकटीने वर जाण्याला ८५ आणि एकटीने खाली उतरण्याला १००, अशी ती यादी होऊ शकते. जिन्याच्या भीतीवरचा उपचारही असा पायऱ्यांचाच असतो.

पुढील भेटींत संमोहनाचा भाग येतो. खुर्चीत स्वस्थ बसून, नजर एका बिंदूवर ठेवून, श्वास मोजत डोळे मिटले जातात. प्रत्येकाच्या मनात विसाव्याची एखादी जागा असते. या बाईंची जागा म्हणजे पहाटेचा कृष्णाकाठ, गणपती मंदिरातील घंटेचा नाद आणि पायाखालचा थंडगार दगड. ते चित्र स्थिर झाले की त्याच शांत अवस्थेत यादीतील पहिला प्रसंग कल्पनेत आणला जातो. भीती वाढू लागली तर त्या बोट उचलून खूण करतात. मग पुन्हा कृष्णाकाठ, पुन्हा श्वास आणि पुन्हा तोच प्रसंग. कल्पनेत जिन्यावर त्या निर्विघ्न उभ्या राहतात एवढेच दाखवून भागत नाही. पाऊल किंचित चुकले, हात कठड्यावर घट्ट झाला, तोल सावरला आणि प्रवास पुढे चालू राहिला, असेही चित्र दाखवले जाते. त्यामुळे पुढे खरोखर काही चुकलेच तर सावरण्याची वाट मनाला आधीच माहीत असते.

"काकू, भीती वाटली तर काय करायचं?" असे मानसशास्त्रज्ञ विचारतात. "पळायचं नाही. कठडा धरायचा, समोर बघायचं," असे त्या स्वतःच सांगतात. ही सूचना रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत असली की ती अधिक टिकते. अंगठा व तर्जनी जुळवून ही शांत अवस्था स्वतःच कशी आणावयाची, हेही त्यांना शिकवले जाते. घरी रोज थोडा वेळ हा सराव करावा लागतो.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि तो खुर्चीत बसून पुरा होत नाही. गर्दी नसेल अशा वेळी खऱ्या जिन्यापाशी जावे लागते. प्रथम नुसते पाहायचे, मग जवळ उभे राहायचे, मग सोबतीने वर जायचे. भीती चढते, काही वेळ टिकते आणि पळून न गेल्यास आपोआप उतरू लागते, हा अनुभव तेथेच येतो. एकदा वर जाऊन आल्यावर थांबायचे नाही. त्याच दिवशी अनेकदा आणि पुढे निरनिराळ्या ठिकाणी सराव करावयाचा. कारण जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव नोंदवला जातो. तो जितक्या ठिकाणी नोंदला जाईल तितका पक्का होतो. मध्यंतरी खंड पडल्यास भीती थोडी परतते. त्याला अपयश समजू नये, पुन्हा एक पायरी खाली येऊन सराव करावा.

पुरावा काय सांगतो

देणगीदारांच्या पैशाचे आपण विश्वस्त आहोत, म्हणून या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. विशिष्ट भयगंडावर सर्वांत भक्कम पुरावा भीतीला क्रमाक्रमाने प्रत्यक्ष सामोरे जाण्याच्या पद्धतीचा आहे. संमोहन तिला पूरक ठरते, तिची जागा घेत नाही. कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. विचार व वर्तनावर आधारित उपचारांना संमोहनाची जोड दिल्यास परिणाम अधिक चांगला मिळतो, असे त्यांना आढळले. चिंताविकारांबाबत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातही संमोहनाचा उपयोग दिसून आला. संमोहन घेतलेल्या सरासरी रुग्णाची चिंता, तुलनेसाठी घेतलेल्या गटातील सुमारे ७९ टक्के व्यक्तींपेक्षा अधिक कमी झाली होती आणि इतर उपचारांसोबत दिल्यास हा लाभ वाढत होता. मात्र संमोहनाची ग्रहणक्षमता प्रत्येकाची वेगळी असते. ज्यांना ते साधत नाही त्यांनी निराश होऊ नये. श्वसनाचा सराव आणि पायरीपायरीने प्रत्यक्ष सामना, एवढ्यानेही ते बरे होऊ शकतात.

सावधगिरी

केंद्रीय आरोग्य खात्याने नोव्हेंबर २००३ मधील आदेशात संमोहनोपचारास उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, परंतु तो योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनीच करावा असे सांगितले. म्हणून उपचार करणाऱ्याची मूळ पात्रता विचारण्यास कोणी संकोचू नये. भ्रम व भास होणाऱ्या गंभीर मनोविकारांत मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याविना संमोहन करू नये. संमोहनात आठवलेली प्रत्येक गोष्ट खरी असतेच असे नाही, सूचनेमुळे खोट्या आठवणीही तयार होऊ शकतात. भीतीचे मूळ पूर्वजन्मात शोधून देतो असे कोणी म्हणाल्यास त्यापासून दूर राहावे. 'एका बैठकीत खात्रीने' अशा जाहिरातींवर विसंबू नये. रुग्णास हवी असल्यास उपचारांच्या वेळी घरची व्यक्ती किंवा महिला कर्मचारी उपस्थित राहावी, ही प्रथा सर्वांच्याच हिताची आहे.

घरच्या मंडळींसाठी

रुग्णाला हाताला धरून जिन्यावर ओढू नये. असा एक प्रसंग अनेक दिवसांचा सराव वाया घालवतो. "लहान पोरे जातात, तुम्हांला काय झाले?" असे म्हणू नये. त्याचबरोबर प्रत्येक वेळी त्यांना भीतीपासून वाचवण्याचीही घाई करू नये. आजची पायरी कोणती, हे रुग्णाला विचारावे, त्या पायरीपुरती सोबत द्यावी आणि ती पार पडल्यावर मोजक्या शब्दांत कौतुक करावे.

जिना वापरताना पाळावयाचे नियम सर्वांसाठीच आहेत. तोंड गतीच्या दिशेला असावे, एक हात कठड्यावर आणि पाऊल पिवळ्या रेषांच्या आत असावे. पदर, ओढणी आणि धोतराचा सोगा आवरून घ्यावा. मऊ रबरी पादत्राणांबाबत विशेष जपावे. उतरल्यावर तेथेच न थांबता पुढे सरकावे. कोणी पडल्यास जिना थांबवण्याचे लाल बटण कोठे असते, हे आधीच पाहून ठेवावे.

विश्वस्त व देणगीदारांस निवेदन

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आजारागणिक ७० ते ९२ टक्के व्यक्ती उपचारांपासून वंचित होत्या. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु आपल्याकडील चित्र फार निराळे असेल असे मानण्यास आधार नाही. मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा उपचारांचा हक्क नागरिकांस दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही सुरू आहे. ज्यांना पहिले पाऊल कोठे टाकावे हे उमगत नाही, त्यांनी या सेवेचा अवश्य लाभ घ्यावा.

धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखून ठेवाव्यात, अशी आपल्या राज्यातील योजना आहे. तिचे मोल मोठे आहे. परंतु भयगंडाच्या रुग्णाला खाट लागत नाही. त्याला यंत्र लागत नाही आणि महागडे औषधही बहुधा लागत नाही. त्याला लागतो तो प्रशिक्षित व्यक्तीचा वेळ. हा वेळ ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला दिसत नाही, त्यावर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी बसवता येत नाही. तो केवळ वेतनखर्च म्हणून नोंदला जातो आणि काटकसरीची वेळ आली की प्रथम त्याच्याकडेच बोट दाखवले जाते.

म्हणून आमची नम्र विनंती आहे, की देणगी देताना एखाद्या उपकरणाप्रमाणेच मानसशास्त्रज्ञाच्या काही तासांचाही विचार व्हावा. भीतीपोटी टळलेली तपासणी पुढे मोठ्या शस्त्रक्रियेच्या रूपाने परत येऊ शकते आणि तेव्हा लागणारा निधी कितीतरी अधिक असतो. ज्यांच्या घरात अशी भीती मुकाट्याने सोसणारी व्यक्ती असेल, त्यांनी बाह्यरुग्ण विभागात निःसंकोच चौकशी करावी. तेथे कोणी हसणार नाही, एवढी हमी आम्ही देतो.